काठीवर काय लिहिलंय? पहिली रॉड आणि रीळ घेण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत भाच्यानं गळाचं सामान ऑनलाइन मागवलं आणि खोक्यासकट माझ्याकडे आला. "मामा, बाराशेत सगळं बसलं. रॉड, रीळ, दोरा, गळ, खोटे मासे, वर पिशवी फुकट. आणि रिळाला बारा बेअरिंग हायत, बारा!"

काठी टेलिस्कोपिक होती, जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलसारखी एकातून एक निघणारी. मी ती पूर्ण उघडली आणि मुठीच्या वरचा भाग उजेडाकडे धरून फिरवून बघितला. चकचकीत अक्षरांत एक नाव आणि त्याखाली आग ओकणारा ड्रॅगन. बाकी काही नाही.

"काय शोधतोयस?"

"काय लिहिलंय ते बघतोय."

"नाव लिहिलंय की."

नाव लिहिलं होतं, पण काठी किती लांब, किती ताकदीची, तिला किती पाउंडाचा दोरा चालतो आणि किती ग्रॅमचं वजन फेकता येतं, यातलं काहीच नव्हतं. तिसऱ्या रविवारी हरिपूरच्या संगमावर त्या काठीचे वरचे दोन तुकडे एकमेकांत असे रुतून बसले की घरी आणून गरम पाण्यात धरले तरी सुटले नाहीत. बारा बेअरिंगचं रीळ तोवर पिठाच्या गिरणीसारखं वाजायला लागलं होतं. मग पोरगा म्हणाला, "आता तू सांग, तसंच घेतो." त्याला जे सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडून लिहितोय.

आधी पाणी कुठलं ते ठरवू. सांगली-साताऱ्याकडे गळ टाकणारा माणूस एक तर कृष्णा-वारणेच्या काठावर बसतो, नाहीतर गावतळ्यावर किंवा पाझर तलावावर. गळाला लागतात ते रोहू, मृगळ, सायप्रिनस, कधी वाम, आणि काही नाही तर चिलापी हमखास. म्हणजे तळहाताएवढ्या माशापासून तीन-चार किलोच्या रोहूपर्यंत एकाच काठीनं निभावायचं आहे. 'ऑल राउंडर' याचा अर्थ एवढाच घ्या. जलपर्णीत दडलेला मोठा मरळ ओढून काढायला जाड काठी आणि वेगळा दोरा लागतो. तो हिशोब या काठीकडून करू नका, पहिल्या खरेदीत तर नकोच.

आता रीळ. दुकानात प्रामुख्यानं दोन जाती दिसतील. एक काठीच्या वर बसतं आणि त्याचं चाक आडवं फिरतं, ते बेटकास्टर. दुसरं काठीखाली लोंबतं, त्याला तारेची कमान असते, ते स्पिनिंग रीळ. पहिल्याचे व्हिडिओ बघायला भारी वाटतात. नवख्यानं मात्र दुसरंच घ्यावं, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

विहिरीचा रहाट आठवा. दोर गुंडाळलेला, बादली सोडली की रहाट गरागरा फिरतो. बादली पाण्याला टेकते, दोराची ओढ संपते, पण रहाट आपल्या वेगात आणखी चार फेरे घेतो. तो सुटा झालेला दोर रहाटाभोवती गोळा होऊन गुंता होतो. बेटकास्टरचं नेमकं हेच होतं. फेकलेलं वजन हवेत हळू होतं, चाक मात्र हळू होत नाही. अंगठ्यानं ते नेमक्या क्षणी दाबायला शिकेपर्यंत निम्मा रविवार गुंता सोडवण्यात जातो.

स्पिनिंग रिळात दोरा फेकताना चाक फिरतच नाही. इचलकरंजीचा यंत्रमाग जवळून बघितला असेल तर हे लगेच कळेल. धोट्यातली कांडी जागेवर गप्प बसलेली असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. जेवढी ओढ तेवढंच सूत निघतं. ओढ थांबली की सूत थांबलं. हे साम्य मी ओढूनताणून आणलेलं नाही. आजच्या स्पिनिंग रिळाच्या मूळ रचनेचं पेटंट १९०५ साली आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या इंग्रज माणसानं घेतलं, आणि त्याचा धंदा कापडगिरणीचा होता. रोज कांड्या बघणाऱ्या डोक्यातूनच हे रीळ निघालं.

रिळाच्या अंगावर आकडे असतात. २५०० किंवा ३००० हा रिळाचा आकार, पण ते सेंटिमीटर नाहीत की ग्रॅम नाहीत, नुसतं ठरवून दिलेलं माप आहे. चपलेचा नंबर असतो तसं. शिमानो, दाइवा या जपानी कंपन्या हजारांत आकडे देतात, काही कंपन्या त्याच मापाला २५ किंवा ३० म्हणतात. आपल्या कामाला २५०० किंवा ३००० पुरतं. १००० घेतलं तर दोरा कमी बसतो. ५००० समुद्रावर शोभतं, इथं मनगट दुखेल.

५.२:१ असं काहीतरी लिहिलेलं असतं तो गिअर रेशो. सायकलसारखाच: दांडा एकदा फिरवला की दोरा गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. २५०० च्या रिळात म्हणजे एका फेऱ्यात साधारण पाऊण मीटर दोरा आत येतो. ५ ते ६ च्या मधलं काहीही घ्या, त्यावर डोकं लढवू नका. (शिमानो ही सायकलचे गिअर करणारीच कंपनी, हे बऱ्याच जणांना रीळ घेतल्यावर कळतं.)

चाकावर '०.२५–१६०' असा जोडआकडा असतो. ०.२५ मिलिमीटर जाडीचा दोरा १६० मीटर बसेल, एवढाच त्याचा अर्थ. दोरा जाड घेतला तर लांबी कमी होते, आणि ती जाडीच्या वर्गाच्या हिशोबानं होते. ०.३० चा दोरा त्याच चाकावर साधारण ११० मीटर बसतो. नदीकाठच्या गळाला ते भरपूर झालं.

आणि ती बेअरिंग. बेअरिंग किती यापेक्षा कशी आणि कुठं बसवली आहेत हे महत्त्वाचं, आणि ते खोक्यावर सहसा छापत नाहीत. बारा हलक्या दर्जाची बेअरिंग असलेल्या रिळापेक्षा तीन चांगली असलेलं रीळ जास्त वर्षं चालतं. कमी पैशात जास्त आकडा दिसला की पैसा कुठून वाचवला असेल याचा विचार करा: दात्यांच्या धातूतून, नाहीतर ड्रॅगमधून. भाच्याच्या रिळात दोन्हीकडून वाचवला होता.

ड्रॅगवर मात्र थांबून बोलायला हवं. स्वस्त आणि टाकाऊ यांतला खरा फरक तिथं आहे.

चाकाच्या डोक्यावर एक फिरणारी चकती असते. ती घट्ट केली की चाक दाबून धरलं जातं, सैल केली की दोरा ओढल्यावर चाक सरकून दोरा सोडतं. आत ब्रेकसारख्या चकत्या असतात, नमद्याच्या किंवा कार्बनच्या. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी की मासा जोरात पळाला तर दोरा तुटण्याआधी सुटला पाहिजे. पतंगाला ढील देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बिथरलेल्या खोंडाचं दावं हाताला गुंडाळून उभं राहिलं की काय होतं हेही गावाकडं सगळ्यांना माहीत आहे.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा? दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. १० पाउंडाचा दोरा म्हणजे साधारण साडेचार किलोचा. त्याचा पाव म्हणजे सव्वा किलोच्या जरा खाली. काटा नसेल तर घरात एक लिटरची पाण्याची बाटली असतेच. भरलेली बाटली एक किलोच्या जरा वर भरते. रीळ हातात धरा, कमान बंद करा, दोऱ्याला बाटली बांधा आणि दोरा सरळ खाली लोंबू द्या. रीळ सावकाश उचललं तर बाटली उचलली गेली पाहिजे, आणि हाताला हलका हिसका दिला तर चाकानं 'कर्रर्र' करत दोरा सोडला पाहिजे. तिथं ड्रॅग थांबवा.

याच बाटलीनं रिळाची परीक्षाही होते. ड्रॅग अगदी किंचित सैल करा आणि बाटली खाली जाताना बघा. चांगला ड्रॅग बाटलीला एकसारखा, लिफ्टसारखा खाली नेतो. वाईट ड्रॅग आधी अडतो, मग एकदम सोडतो, पुन्हा अडतो. त्या प्रत्येक अडण्याच्या क्षणी दोऱ्यावरचा ताण अचानक वाढतो, आणि मोठा मासा नेमका तेव्हा दोरा तोडून जातो. भाच्याच्या ड्रॅगनवाल्या रिळावर बाटली आधी हललीच नाही आणि मग धपकन फरशीवर आली. वहिनींनी दोघांनाही बाहेर काढलं.

आता काठीकडे येऊ. चांगल्या काठीवर मुठीच्या वर एक बारीक ओळ असते. लांबी, मग एक-दोन इंग्रजी अक्षरं, मग पाउंडांत दोऱ्याची ताकद, मग ग्रॅममध्ये वजन. हीच ओळ मी उजेडात शोधत होतो.

आपल्याला हवी ती ओळ साधारण अशी असावी: ७ फूट, 'एम' म्हणजे मीडियम, ८ ते १४ पाउंड, ७ ते २१ ग्रॅम. आकडे थोडे इकडेतिकडे चालतील.

सात फूटच का? काठी म्हणजे हाताची लांबी वाढवणं, गोफणीसारखंच. जास्त लांब काठीनं लांब फेकता येतं, पण आपल्या नदीकाठी मागं बाभळी असतात, डोक्यावर फांद्या असतात आणि शेजारी उसाचा फड. नऊ फुटी काठी मागं नेली की गळ बाभळीत. साडेपाच फुटी काठीनं फेकलेला गळ जलपर्णीच्या पट्ट्यातच पडतो. सात फूट हा मधला सौदा. शिवाय काठाच्या अगदी कडेला उभं राहावं लागत नाही, आणि कृष्णेवर हे कारण हलकं नाही. भिलवडी-औदुंबरकडच्या लोकांना मगर म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. मगर काठालगतच्या उथळ पाण्यात गप्प पडून राहते. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, मासा हातानं काढायला वाकायचं नाही, लांब दांड्याची जाळी ठेवायची.

पुढं पॉवर आणि ॲक्शन. हे दोन शब्द दुकानदारसुद्धा एकमेकांच्या जागी वापरतात. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते. उभ्या उसाला वरून हात लावून ओढला की वाढ्याकडचा भाग आधी झुकतो, बुडखा तसाच ताठ राहतो. ही 'फास्ट' ॲक्शन. निगडीची ओली फोक वाकवा, ती थेट मुठीपासून कमान धरते. ती 'स्लो'. पॉवर सारखीच ठेवून ॲक्शन वेगळी असू शकते, म्हणून काठीवर दोन्ही वेगळे लिहिलेले असतात.

शेंड्यात वाकणाऱ्या काठीत माशानं टोचलेलं हाताला लवकर कळतं आणि हिसका दिला की गळ चटकन रुततो. मधून वाकणारी काठी माशाचे हिसके पोटात घेते. रोहू-कटल्याचे ओठ मऊ असतात, फार ताठ काठीनं ओढलं तर गळ फाडून निघतो. म्हणून पहिल्या काठीला 'मॉडरेट फास्ट' किंवा साधी 'फास्ट' घ्या. 'एक्स्ट्रा फास्ट' लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. तिथं चूक हाताची होते आणि शिक्षा दोऱ्याला मिळते.

काठी वाकते हे तिचं दुबळेपण नाही, हेही नवख्याच्या डोक्यात बसवावं लागतं. सात फुटाच्या टोकाला एक किलोची ओढ लागली तर मनगटावर तिच्या कितीतरी पट जोर येतो. तरफ उलटी चालते, फायदा माशाचा. काठी कमान झाली की ओढीचं टोक तुमच्या जवळ येतं, तरफेचा हात आखूड होतो आणि मनगट सुटतं. ताठ दांडका घेऊन मासा ओढणारा माणूस म्हणून लवकर दमतो.

काठी कशाची असावी? फायबरग्लास, कार्बन, नाहीतर दोन्हींचं मिश्रण. काचेच्या धाग्याची काठी जड, सावकाश वाकणारी आणि मार खाणारी. दुचाकीवर आडवी बांधली, दगडावर आपटली, तरी सहसा चालते. कार्बनच्या काठ्या १९७० च्या दशकात बाजारात आल्या. दुकानांत त्यांना ग्रॅफाइटही म्हणतात. हलक्या, टोकाला काय चाललंय ते हातापर्यंत पोचवणाऱ्या, पण आपटलं की बारीक चीर पडते आणि पुढच्या माशाला मोडतात. पहिल्या काठीला मिश्रण बरं. नुसती काचेची मिळाली तरी नाक मुरडू नका.

कार्बनबद्दल एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात लिहायला हवी. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नदीकाठावर जॅकवेल आहेत, शेतीच्या मोटारी आहेत आणि त्यांच्या तारा बऱ्याचदा हाताच्या उंचीवर झोळ खाऊन लोंबतात. काठी डोक्यावरून फेकताना सात फूट अधिक तुमचा हात, एवढी उंची होते. ओली काचेची काठीसुद्धा तारेजवळ भरवशाची नाही. बसायची जागा ठरवताना मासे कुठं आहेत हे बघण्याआधी वर बघायचं. वीज चमकायला लागली की काठी खाली ठेवायची आणि काठापासून दूर जायचं.

दोन तुकड्यांची काठी घ्या. सात फुटाचे साडेतीन-साडेतीन फूट होतात, एसटीतही मावतात. टेलिस्कोपिक वाईटच असते असं नाही, पण कमी पैशातली बहुधा वाईट असते. सांधे जास्त, सांध्यात वाळू जाते, आणि दोरा जाणाऱ्या कड्या एका रेषेत राहत नाहीत.

दुकानात गेलात तर लाज न बाळगता तपासा. काठी जोडा आणि मिरजेत तंबोरा करणारा कारागीर एक डोळा मिटून दांडी बघतो तशी मुठीकडून शेंड्याकडे बघा. सगळ्या कड्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. एक धागा जरी अडकला तरी ती कडी तुमचा दोरा रोज थोडा थोडा कापणार आहे, दुसरी काठी मागा. रीळ बसवून पेच घट्ट करा आणि हलवून बघा, खुट्ट आवाज नको. रिळाचा दांडा अगदी हळू फिरवा. जोरात फिरवलं तर कुठलंही रीळ गुळगुळीत वाटतं, खडखड हळूच कळते. फिरवता फिरवता थांबा आणि दांडा उलटा ढकला. रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढा मागे आला तर ठीक, पाव फेरा आला तर परत द्या. डावखुरे असाल तर काळजी नको, स्पिनिंग रिळाचा दांडा काढून दुसऱ्या बाजूला लावता येतो.

आणि काठीचा शेंडा हातात धरून वाकवून बघू नका. जवळजवळ सगळ्यांना तो मोह होतो. मासा काठीला कड्यांतून ओढतो, शेंडा पकडून कुणी ओढत नाही. बाकी काठ्या माशांपेक्षा सिलिंग फॅननं जास्त मोडतात, एवढं माझ्या अनुभवावरून सांगतो. माझी पहिली बरी काठी अशीच गेली, भर उन्हाळ्यात, पाहुण्यांसमोर.

ऑनलाइन घेत असाल तर फोटोत ती छापील ओळ दिसते का ते बघा. मुठीवरचा फोटोच दिलेला नसेल, तर का दिला नसेल ते समजून घ्या.

पैशाचं गणित. भाच्याचं दुसऱ्या खेपेचं बिल सांगतो, कारण तेच खरं उदाहरण आहे. एका जपानी कंपनीचं सगळ्यात खालच्या पायरीचं २५०० चं रीळ सोळाशे पन्नासला. मिश्र काठी, सात फूट, मीडियम, बाराशेला. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, अडीचशेचा. गळ, शिशाचे मणी, भिंगऱ्या (दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून लावायच्या फिरत्या कड्या) आणि दोन फ्लोट मिळून दोनशे. झाले तेहेतीसशे. तुमच्याकडे भाव थोडे वेगळे असतील, पण वाटणी अशीच ठेवा: रिळाला काठीपेक्षा जास्त. काठीत फिरणारं काही नसतं, रिळात सगळंच फिरतं. आणि दोऱ्यात काटकसर करू नका. तुमच्यात आणि माशामध्ये शेवटी तोच असतो.

तंगूस ०.२८ ते ०.३० मिलिमीटरचा, १० ते १२ पाउंडांचा घ्या. वेणीसारखा विणलेला ब्रेडेड दोरा बारीक आणि मजबूत असतो, पण तो ताणत नाही. नवख्याचा हिसका तंगूस थोडा लांबून झेलतो, ब्रेड झेलत नाही. शिवाय ब्रेडनं बोट कापतं आणि त्याचा गुंता सोडवण्यापेक्षा कापणं सोपं पडतं. तो पुढच्या वर्षी. दोरा भरताना ओल्या फडक्यात चिमटीनं धरून ताणात भरा आणि चाकाच्या काठाच्या दोन-तीन मिलिमीटर आतच थांबा. काठोकाठ भरला तर फेकताना झुबक्यानं सुटतो, फार कमी भरला तर काठाला घासून लांब जात नाही.

गळाचे नंबर उलटे चालतात. मोठा नंबर, लहान गळ. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याला हे नवं नाही, तारेचा गेजही तसाच. चिलापीला ८ किंवा १०, रोहूला ४ किंवा ६. १ च्या पुढं १/०, २/० असे पुन्हा मोठे होत जातात, ते आत्ता नकोत. आमिषाचं सामान स्वयंपाकघरातच आहे: कणीक, शेंगदाण्याची पेंड, वर चिमूटभर हळद. वामीला गांडूळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. त्यामुळे फ्लोट वरखाली सरकवून खोली बदलत राहायचं, काठी मात्र तीच. गाठ मारताना घट्ट करण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडा तंगूस स्वतःच्याच घर्षणानं तापतो आणि गाठीपाशी कमकुवत होतो. गळावाल्या म्हाताऱ्यांना ही सवय असते, कारण विचारलं तर हसतात.

कुठं बसायचं हेही विचारून घ्या. धरणं आणि तलावांत मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यांची परवानगी घ्या, पावती असेल तर फाडा. चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कोयनेचं अभयारण्य यांच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, विषय संपला. पावसाळा हा रोहू-कटल्यांच्या विणीचा काळ, तेव्हा काठी भिंतीला. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ ही धोक्याची, हे सांगलीकरांना पाठ असतं, पण पाणी त्याच्या कितीतरी आधी गढूळ होऊन धार धरतं. त्या पाण्यात गळ टाकणाऱ्याला हौशी म्हणत नाहीत.

घरी आल्यावर रीळ नळाखाली धरायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, दोरा जिच्यावरून वळतो त्या छोट्या घिरट्यावर महिन्यातून एक थेंब मशीनचं तेल, आणि ठेवताना ड्रॅग सैल. घट्ट ठेवला तर आतल्या चकत्या दबून बसतात.

नवी काठी घेऊन पहिल्याच रविवारी संगमावर गेलो. दुसऱ्या फेकीलाच काठी वाकली, ड्रॅग सुरेख वाजला आणि भाचा ओरडला, "मामा, मोठा हाय!" तो दांडा फिरवत सुटला. ड्रॅग दोरा सोडतोय आणि हा फिरवतोय. मी ओरडत होतो की फिरवू नकोस, ड्रॅग वाजत असताना फिरवायचं नसतं, पण ऐकतो कोण. निघालं पाण्यात बुडालेलं खताचं पोतं, चिखलानं भरलेलं. त्याचं वाईट नाही. पण ड्रॅग सरकत असताना दांड्याचा प्रत्येक फेरा दोरा आत आणत नाही, त्याला पाच पाच पीळ देतो. पुढच्या फेकीला चाकावरून दोरा सुटताना जिलेब्या पडायला लागल्या.

त्यावर उपाय सोपा आहे आणि नदी तो फुकट करते. गळ, शिसं, भिंगरी, सगळं काढून टाकायचं. नुसता मोकळा दोरा वाहत्या धारेत पन्नास-साठ मीटर सोडून द्यायचा आणि दोन-तीन मिनिटं तसाच धरून बसायचं. मोकळं टोक पाण्यात आपोआप फिरतं आणि पीळ उलगडतात. मग चिमटीत धरून सावकाश गुंडाळायचा. भाचा धारेत दोरा सोडून बसला होता, गळ नाही, आमिष नाही. पलीकडून एक म्हातारबाबा आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि विचारलं, "लागतंय का काय?"

"न्हाई," तो म्हणाला, "पीळ काढतोय."